रिंगणाशेजारची खुर्ची

माझी आत्या कुस्त्यांना नावं द्यायची. मातीतल्या कुस्त्या नव्हेत, टीव्हीवरच्या. चकचकीत चड्ड्या, मुखवटे, आणि कोण जिंकणार हे आधीच ठरलेलं. या कुस्त्या भरवणाऱ्या कंपनीचा महिन्याला एक मोठा कार्यक्रम असे. तो घरबसल्या बघायला लोक वेगळे पैसे भरत, आणि लोकांनी पैसे भरायचे तर नाव दणदणीत हवं. 'कडेलोट', 'आरपार', 'होत्याचं नव्हतं' ही सगळी तिचीच अपत्यं. नावं ठेवायचं काम आत्याचंच, म्हणून अख्खी कंपनी तिला आत्या म्हणे. मालक, निवेदक, घंटा वाजवणारा, सगळे. माझं नावही तिनेच ठेवलंय, पण सुदैवाने ते साधं आहे.

कचेरी एका फर्निचरच्या गोदामावर होती. जिन्यात कायम लाकडाचा भुसा. नाव सुचलं की आत्या खिडकी उघडायची आणि खालच्या हमालांच्या अंगावर ते ओरडायची. एखाद्याने दचकून वर बघितलं तर नाव पास, नाहीतर कागदाचा बोळा. मग नावाला साजेसा थाट ठरायचा. 'कडेलोट'ला रिंगण उंच मचाणावर, 'आरपार'ला बिनदाराचा पिंजरा. निवेदकाच्या कोटाचा रंगसुद्धा तीच सांगायची, आणि तो बिचारा मुकाट्याने घालायचा.

या धंद्यात नावावर कुणाचाच विश्वास नसतो. 'शेवटची लढाई' तर दरवर्षी व्हायची, आणि पुढच्या महिन्यात तेच दोघे पुन्हा एकमेकांच्या उरावर बसलेले असायचे.

"अगं, ही धडधडीत फसवणूक आहे," मी एकदा म्हटलं.

"फसतंय कोण? लोकांना सगळं ठाऊक असतं गं. त्यांना फक्त ओरडायला निमित्त हवं असतं," आत्या म्हणाली.

तिच्या टेबलासमोर एक हिरवी, लोखंडी, घडीची खुर्ची होती. ती डोंगरची. डोंगर म्हणजे कंपनीचा सगळ्यात मोठा मल्ल. रिंगणात माणसं उचलून आपटायचा आणि चहा पिताना कप दोन्ही हातांनी धरायचा. लाकडी खुर्च्या त्याच्याखाली कुरकुरत, म्हणून आत्याने ही खास मागवली होती. बायको गेल्यापासून तो रोज दुपारी तिथे येऊन बसायचा. मुलीबद्दल बोलायचा, गुडघ्याबद्दल, कधी कशाबद्दलच नाही. आत्या त्याला 'अहो डोंगर' म्हणायची, आणि त्यातला 'अहो' जरा जास्तच हळू असायचा. तो मात्र सगळ्यांसारखं 'आत्या' म्हणायचा. वयाने तिच्याएवढाच असून! मला तर त्याचा असा राग यायचा.

मग त्याच्या गुडघ्याने हात टेकले. मुलीकडे दूरच्या शहरात कायमचं जायचं ठरलं. निरोपाच्या कार्यक्रमाला मालकांनी स्वतःच नाव सुचवलं, 'डोंगर कोसळला'. आत्या आयुष्यात पहिल्यांदा मालकांशी भांडली आणि नाव दिलं, 'पुन्हा भेटू'.

"आत्या, ही काय मारामारीची भाषा झाली?" मालक कपाळाला हात लावून म्हणाले.

तिने खिडकी उघडून ओरडून दाखवलं. खालच्या हमालाने वर बघितलं आणि हसून हात हलवला. मालकांनी पोस्टर छापायला सांगितलं.

घरी आल्यावर ती मला म्हणाली, "त्याला कळेल."

"तोंडाने सांग की!"

"इतकी वर्षं त्या माणसाच्या तोंडी मी आत्या आहे. आता काय तोंडाने सांगू? मला तो हवाय, बस. पण आयुष्यभर मी नावंच दिली, मला दुसरं येतं काय?"

डोंगरने पोस्टर बघितलं, मान डोलावली. "झकास! तिकिटं खपणार, आत्या." तिकिटं खपली. तो गेला. जन्मभर खोटी नावं रचून तिने एकच खरं ठेवलं होतं, आणि त्यानेही ते धंद्याच्याच खात्यात टाकलं.

खपलेलं नाव कंपनी सोडत नाही. 'पुन्हा भेटू' दरवर्षीचा झाला. त्याचा थाट ठरवताना आत्याने कचेरीतली हिरवी खुर्ची नेऊन रिंगणाशेजारी मांडली, घंटेच्या टेबलाजवळच्या स्वतःच्या खुर्चीला लागून. रिकामी. वर दिव्याचा एक झोत. लोक चक्रावले. कोण येऊन बसणार? दरवर्षी पैजा लागत आणि दरवर्षी कुणीच येत नसे. "काय डोकं आहे!" असं मालक येईल त्याला सांगत. आत्या कार्यक्रमभर त्या खुर्चीशेजारी बसायची. मी समोरच्या रांगेतून बघायची. तिचं रिंगणात काय चाललंय याकडे लक्ष नसे. कुणी मागच्या दारातून आलं की मान वळायची.

अखेर एका वर्षी मालकांनी डोंगरला बोलावून घेतलं. फक्त यायचं, लोकांना हात करायचा, बस्स. आत्याने केस रंगवले. मी तोंड उघडायच्या आत म्हणाली, "गप्प बस."

शेवटची कुस्ती रंगात आली असताना त्याचं जुनं संगीत वाजलं. लोक खुर्च्यांवर चढले. डोंगर लंगडत, सावकाश, सरळ झोताच्या दिशेने आला. आत्याने पदर सारखा केला, टेबलावरचं पाणी बाजूला सरकवलं. तो खुर्चीपाशी थांबला. तिच्याकडे बघून छान हसला. मग खुर्ची उचलली, खटकन मिटली, रिंगणात चढला आणि तिथल्या खलनायक मल्लाच्या पाठीत घातली.

छप्पर उडायचं बाकी राहिलं. निवेदकाचा आवाज बसला. मालक नाचत होते. रिंगणाशेजारी लोखंडी खुर्ची दिसली की मल्ल दुसरं काय करणार? बसायला असते, हे त्याच्या बापजन्मात डोक्यात आलं नसतं.

नंतर तो आतल्या खोलीत गुडघ्यावर बर्फ धरून बसला होता. "खुर्ची तुम्हीच ठेवलीत ना, आत्या? बघताक्षणी ओळखलं. म्हटलं, आपल्याला काय लागतं ते फक्त आत्याला ठाऊक."

"हाताला लागलं नाही ना कुठे?" आत्या म्हणाली.

"छे हो!" तो म्हणाला. तेवढ्यात जावई गाडी घेऊन आला.

वाकलेली खुर्ची आम्ही घरी आणली. रिक्षात ती माझ्या मांडीवर होती. नीट मिटत नव्हती आणि उघडतही नव्हती. माझ्याच्याने राहवेना.

"आत्या, बसला असता तर काय करणार होतीस?"

"काही नाही गं. शेजारी बसून राहिले असते," ती म्हणाली, आणि मग घर येईपर्यंत रडली.

पुढच्या वर्षी कार्यक्रम जवळ आला तसे मालकांनी विचारलं, "यंदाही ठेवायची ना खुर्ची?"

आत्याने चष्मा पुसला. "ठेवा," ती म्हणाली. "लोकांना सवय झालीय."