पाटी दाखवा!

छापलेल्या बातमीत दुसऱ्या दिवशी कचोरी बांधली जाते. न छापलेले किस्से मात्र डोक्यात साचत जातात. चहाच्या टपरीवर एकाला हात लावला, की मागचे चार धडाधड बाहेर येतात!

अकोल्यातल्या आमच्या दैनिकाचे जुने संपादक तालुक्याच्या वार्ताहरांना एकच नियम घालून गेले होते : ‘जागेवर जा, तिथली पाटी वाच, मग बोल.’ गावाची, शाळेची, ठाण्याची, जी असेल ती पाटी. आधी ती फोनवर वाचून दाखवायची, मोबाईल आले तशी व्हिडिओ कॉलवर दाखवायची. त्याशिवाय बातमी घ्यायची नाही.

मग पुण्याहून सौरभ सर आले. डिजिटल हेड! वय माझ्या नोकरीपेक्षा कमी. पहिल्याच मीटिंगमध्ये म्हणाले, ‘पाटीबिटी बंद. व्हॉट्सॲप ग्रुपवर आलं, की लगेच वेबसाइटवर. तेल्हाऱ्याचे वार्ताहर गुलाबराव फार उशीर करतात. असंच चाललं तर त्यांना थांबवावं लागेल.’

माझं डोकं तडकलं. गुलाबराव म्हणजे भोंगा. भांडखोर, बढाईखोर. पण त्यांच्या बातमीवर खुलासा छापायची पाळी आमच्यावर कधी आली नव्हती. मी म्हटलं, ‘सर, उशिरा आलेली बातमी चालते. खोटी बातमी ऑफिसवर मोर्चा आणते!’

सरांनी ते ऐकलं आणि लॅपटॉप उघडला.

*

श्रावणात ग्रुपवर व्हिडिओ आला : ‘तेल्हाऱ्याजवळचा पूल वाहून गेला!’ सरांनी तत्काळ टाकला. गाड्या थांबल्या, लोक घाबरले, फोनवर फोन.

मी ओरडत होतो, ‘अहो, व्हिडिओतल्या नदीकाठी नारळाची रांग आहे! तेल्हाऱ्यात नारळ कधीपासून उगवले?’

तेवढ्यात गुलाबरावांचा व्हिडिओ कॉल. आधी पुलाची पाटी दाखवली, मग स्वतःचं तोंड.

‘सर, पुलावरूनच बोलून राहिलो. पूल वाहून गेला म्हन्ता, तं माह्या पायाखाली काय हाय?’

*

नंतर सरांनी बातम्या लिहिणारं एआय आणलं. तिवस्याच्या एका मेळाव्याची निमंत्रणपत्रिका त्याला खाऊ घातली. क्षणात बातमी तयार : ‘तुफान गर्दी, प्रमुख पाहुण्यांचं तडाखेबंद भाषण.’ वेबसाइटवर गेलीसुद्धा!

इकडे मेळाव्याचा मांडव सकाळीच वाऱ्यानं आडवा झाला होता. कार्यक्रम रद्द.

प्रमुख पाहुण्यांचा घरून फोन आला. ‘माहं भाषन लय गाजलं म्हन्ता? वा! जरा सांगा ना जी, बोललो काय मी?’

*

मोबाईलला शिव्या देणाऱ्यांतला मात्र मी नाही.

पाणीपुरवठ्याचे एक साहेब पत्रकार परिषदेत छाती फुगवून सांगत होते, ‘तालुक्यात घरोघरी नळाला पाणी आहे.’ गुलाबरावांनी बसल्या जागेवरून एका खेड्यातल्या शोभाताईंना व्हिडिओ कॉल लावला आणि फोन साहेबांपुढे धरला. शोभाताईंनी आधी ग्रामपंचायतीची पाटी दाखवली. शिकवून ठेवलं होतं ना! मग शेजारचा नळ सोडला. नुसती हवा. फुस्स!

साहेब म्हणाले, ‘नेटवर्क खराब आहे. नीट दिसत नाही.’

‘नेटवर्क मस्त हाय, साहेब,’ शोभाताई कडाडल्या, ‘नळच खराब हाय!’

आठवड्यात गावाला पाणी आलं. पूर्वी एवढ्यासाठी माझ्या चपला झिजायच्या! तो व्हिडिओ सरांच्याच वेबसाइटवर धो धो चालला. तरीही गुलाबरावांना निरोप गेलाच : ‘सोमवारी ऑफिसला येऊन भेटा.’

*

सोमवारी दुपारी गुलाबराव केबिनमध्ये बसले. भांडायला म्हणून मीही घुसलो.

‘तुमचं काम चांगलं आहे,’ सरांनी सुरुवात केली, ‘पण आता तुम्हाला...’

सरांचा फोन वाजला. व्हिडिओ कॉल. पडद्यावर खाकी वर्दी. ‘आपके नाम के पार्सल में ड्रग्ज मिला है. आप डिजिटल अरेस्ट में हैं. कुर्सी से हिलना नहीं! जाँच के लिए सारा पैसा हमारे खाते में भेजो.’

असल्या भामट्यांपासून सावध राहा, ही सूचना आमच्या वेबसाइटवर सरांनीच टाकली होती. पण वर्दी समोर आली, की वाचलेलं कुठं आठवतं? सर पांढरेफटक. घाईघाईनं बँकेचं ॲप शोधू लागले. मी तोंड उघडलं, तर मलाच हातानं गप्प केलं.

गुलाबरावांनी फोन हिसकावला.

‘रामराम साहेब! मी तेल्हाऱ्याचा वार्ताहर. ठानं कोन्तं तुमचं?’

‘बीच में कौन बोल रहा है? तुझे भी अरेस्ट करूँगा!’

‘करा ना! पन आधी खुर्चीवरून उठा, बाहीर या, अन् ठान्याची पाटी दाखवा.’

वर्दीवाला टोपी सावरू लागला.

‘काहून? दार नाही का तुमच्या ठान्याले? पाटी दाखवा!’

पडदा काळा. कॉल कट!

काचेबाहेर जमलेल्या सगळ्या डेस्कनं टाळ्या पिटल्या. सर घाम पुसत होते. गुलाबरावांनी फोन त्यांच्या पुढ्यात ठेवला, खुर्ची ओढली आणि ऐसपैस बसले.

‘घ्या सर, सुटले तुमी. हं, मले काढून राहिले होते नं? तिथून पुढं बोला!’