मागच्या खोलीतली सवत

लग्नानंतर बरीच वर्षं माझ्या घरात एक सवत नांदत होती. ती यांच्या कॉम्प्युटरमध्ये राहायची आणि मनात आलं की बंद पडायची.

आमचे हे घराच्या मागच्या खोलीत गाणी रेकॉर्ड करतात. शाळांची समूहगीतं, जाहिराती, हौशी गायकांची हौस, येईल ते. भिंतींना जुन्या गाद्या ठोकलेल्या, दाराखालच्या फटीत माझी शाल कोंबलेली. रेकॉर्डिंग चालू असलं की मला कुकर लावायची बंदी. हे सगळं मी निमूट सोसलं, म्हणजे माझ्या मानाने निमूट. सोसवत नव्हतं ते फक्त यांचं सॉफ्टवेअर. अपडेट आलं की आधी नीट चाललेलं काहीतरी बिघडायचं. कधी आवाज अडकायचा, कधी कालचं काम आज उघडायचंच नाही.

"अरे, दुसरं घे. जग कुठे गेलं!" यांचा व्हायोलिनवाला मित्र कानीकपाळी ओरडायचा.

"हात बसलाय रे याच्यावर. आता नव्याशी कोण जुळवून घेणार?"

लग्नाच्या वेळी एवढा विचार केला नव्हता, असं मी स्वयंपाकघरातून ऐकवायची.

यांची आणखी एक खोड होती. रेकॉर्डिंग सुरू केलं की आधी स्वतःच माइकमध्ये बोलायचे: कोण गातंय, कितवं गाणं, कितवी वेळ. ज्यांच्या हाताखाली हे शिकले, ते टेपच्या काळात तसं करायचे म्हणे. गायक श्वास रोखून ताटकळायचा, पण यांचं बोलणं चुकायचं नाही. यांची मोठी बहीण त्यावरून यांची मस्त खेचायची. आम्ही सगळे त्यांना ताईच म्हणतो. मी कप पुढे केला की ताई घसा खाकरून म्हणायच्या, "ताई. चहा दुसरा, वेळ पहिली."

ताईंनी जन्मभर मुलांना गाणं शिकवलं, पण त्यांचा स्वतःचा आवाज कुठेच साठवलेला नव्हता. "माझं काय रेकॉर्ड करतोस? मी रोजचीच आहे," म्हणून टाळायच्या. मग त्यांच्या गळ्यात गाठ निघाली. ऑपरेशन लगेच करायचं ठरलं. डॉक्टर म्हणाले, आवाज राहील, पण हाच राहील असं सांगता येत नाही. त्याआधी एकदाच गाण्याची परवानगी मिळाली.

त्या दिवशी मी कुकरकडे बघितलंसुद्धा नाही. दाराला कान लावून उभी राहिले. मला गाण्यातलं ओ की ठो कळत नाही, पण ताई गात होत्या आणि माझा पदर ओला होत होता. तीन गाणी झाली. यांनी सेव्ह केलं आणि पडदा गोठला. पुन्हा सुरू केलं तर सगळं रिकामं.

यांचा चेहरा पांढराफटक पडला. ताई शांतपणे म्हणाल्या, "पुन्हा गाते."

"अजिबात नाही!" हे ओरडले. थोरल्या बहिणीवर यांचा आवाज चढलेला मी तेव्हाच ऐकला.

मला तो कॉम्प्युटर खिडकीतून फेकून द्यावासा वाटला. "उद्याच्या उद्या ही बया घराबाहेर काढा!" मी तिथल्या तिथे बजावलं आणि व्हायोलिनवाल्याला फोन करून बोलावून घेतलं. त्याने पार आतपर्यंत शोधून एक फोल्डर काढलं. सवतीने वर्षानुवर्षांचा कचरा तिथे साठवला होता. ढीगभर तुकडे, नावाच्या जागी नुसते आकडे, तारीखही सगळ्यांची एकच.

"यातलं ताईंचं कसं ओळखायचं?" मी विचारलं.

यांनी एक तुकडा लावला. आत यांचाच आवाज होता. कुठल्याशा शाळेचं नाव, गाणं, वेळ. मग हे फक्त सुरुवात ऐकायची आणि पुढे जायचं, असं करत सुटले. कितीतरी शाळा गेल्या, साबणाच्या जाहिराती गेल्या. आम्ही तिघं मागे उभे. आणि मग एकदाचा यांचा आवाज आला: "ताई. गाणं दुसरं, वेळ पहिली." पाठोपाठ ताईंचा श्वास, आणि सूर. थोड्या वेळाने उरलेली दोन्ही गाणीही सापडली.

हे टेबलावर डोकं टेकून लहान मुलासारखे रडले. ताईंनी यांच्या पाठीवर धपाटा घातला. माझाही जीव भांड्यात पडला, आणि मी जाऊन कुकर लावला.

दुसऱ्याच दिवशी नवीन सॉफ्टवेअर आलं. त्यातली बटणं शोधताना हे अजून चिडचिडतात, पण ते बंद पडत नाही. ताईंची गाठ साधी निघाली. पुढे कितीतरी दिवस त्यांना बोलायला बंदी होती, आणि खुणांनीसुद्धा त्या यांना चिडवायच्या.

बंदी उठली त्या दिवशी ताई थेट मागच्या खोलीत येऊन माइकसमोर बसल्या. यांनी बटण दाबलं आणि नेहमीसारखं बोलायला तोंड उघडलं. ताईंनी हात वर करून यांना थांबवलं. आवाज जाडसर होता, आम्हाला अनोळखी.

"ताई," त्या म्हणाल्या. "आवाज दुसरा, वेळ पहिली."

मी दार ओढून घेतलं आणि फटीत शाल कोंबली.