चार सीलबंद हार्डडिस्क

आधी चहा संपवा, मग सांगतो, कारण माझ्या घाबरटपणाची ही गोष्ट ऐकताना ठसका लागतो.

मी जुन्या जालन्यात लग्नाचं शूटिंग करतो. एका लग्नात निम्मी हार्डडिस्क भरते. सीझनच्या तोंडावर डिस्क विकणारा दुकानदार म्हणाला, "कंपन्यांनी माल बनवणंच कमी केलंय. भाव रोज चढून राह्यले. पुढं मंग माल दिसणार बी न्हाई."

धंदा बसणार, कॅमेरा विकावा लागणार, इथपर्यंत मी दुकानाच्या पायरीवरच पोचलो. होत्या तेवढ्या चार डिस्क उचलल्या आणि कपाटात बायकोच्या साड्यांखाली कुलपात ठेवल्या. भाव चढणार म्हटलं की आमच्या गल्लीतले व्यापारी तुरीची पोती दाबून ठेवतात, तसंच मीही केलं. सील तोडलं की किंमत उतरली, हे आपलं शहाणपण.

मग अंबडच्या साळवे सरांच्या मुलीचं लग्न आलं. शूटिंग दोन डिस्कवर उतरवायचं आणि मगच कॅमेऱ्याचं कार्ड पुसायचं, हा आमचा नियम. मी एकाच जुन्या डिस्कवर उतरवलं. ती टकटक करत होती, मी गाण्याचा आवाज वाढवला. दुसऱ्या दिवशी दुसरीकडे हळद होती, म्हणून कार्डही पुसलं.

तिसऱ्या दिवशी डिस्क उघडेना. आणि नेमका तेव्हाच सरांचा फोन.

"पोरीच्या आजीला लग्न बघायचंय. लई आजारी हायेत, येता आलं न्हाई त्यांना. झालं का तयार?"

खोटं बोलायचीही हिंमत होईना. खरं सांगितलं. सर ओरडले असते तर बरं वाटलं असतं, त्यांनी फोनच ठेवला. पहिल्या बसनं आले आणि आम्ही दोघं डिस्क रुमालात गुंडाळून दुरुस्तीवाल्याकडे गेलो. नव्या चार घरी एकट्या कशा सोडायच्या, म्हणून पिशवीत त्याही सोबत.

दोन तास सरांनी माझ्याकडे बघितलं नाही. म्हातारीचं काही झालं तर काय तोंड दाखवू, एवढंच माझ्या डोक्यात.

शेवटी दुरुस्तीवाला म्हणाला, "समदं निघतंय. पण उतरवू कशात? नवी डिस्क द्या जल्दी, ही कधी बी बंद पडंल."

सरांनी डोळे पुसले. मी पिशवीतून एक डिस्क काढली, सीलवर नख ठेवलं, आणि शप्पथ सांगतो, माझ्याच तोंडून निघालं, "एखादी जुनी चालंल का?"