गावाच्या नंबरवर आम्ही दोघी

वृद्धेश्वरला जायचं हे वन्संनी ठरवलं आणि गाडी मी चालवायची हेही त्यांनीच ठरवलं. वन्सं म्हणजे माझी मोठी नणंद, बालवाडीच्या निवृत्त बाई. रस्त्यात दिसेल त्या पोराची विचारपूस केल्याशिवाय त्यांचं पाऊल पुढे पडत नाही. ही सवय आम्हाला केवढ्याला पडली ते सांगायलाच लिहायला बसलेय. जायचंय त्यांनी जरूर जा, पण हे शेवटपर्यंत वाचून जा.

हडपसरहून सकाळी सहाला निघालो. शिरूरला मिसळ, दोघींची चहासकट अडीचशे. सुप्याच्या एमआयडीसीपाशी ट्रकांची रांग असते, अर्धा तास जास्तीचा धरा. नगरला खोली घेतली (एसी, अठराशे, बाथरूम बरं) आणि दुपारीच शनिशिंगणापूर केलं. बिनादाराची घरं बघून वन्सं हरखल्या. "बघ शोभा, माणसांचा माणसांवर विश्वास असा असतो." मी म्हटलं, "देवाच्या भीतीवर चाललंय ते, वन्सं." झालं, रुसल्या. भेळ येईपर्यंत बोलल्या नाहीत.

दुसऱ्या दिवशी पाथर्डी रस्ता. करंजीचा घाट छोटाच, पण वळणावर समोरून उसाचे ट्रॅक्टर येतात, हॉर्न वाजवत राहा. तिसगावच्या बाजारात पेरू घेतले आणि वृद्धेश्वर गाठलं. मंदिर डोंगरात, झाडी भरपूर, भर उन्हातही फरशी गार. तासभर निवांत बसलो. आलो त्याच रस्त्यानं परतायचं सोडून वन्संना आडरस्ता हवा होता, कारण तिकडे मोर दिसतात असं कुणीतरी सांगितलेलं. मोर दिसले नाहीत.

पुढच्या गावाचं नाव लिहीत नाही. लोक वाईट नव्हते. रस्त्याच्या कडेनं दोन पोरं दप्तरं डोक्यावर धरून चालली होती, बहीण-भाऊ, आठ-नऊ वर्षांची. "अगं थांब, केवढं ऊन हे!" वन्सं म्हणाल्या. मी थांबले. पोरं मागे बसली, पेरू खायला लागली. घर पाण्याच्या टाकीपाशी आहे म्हणाली. टाकीखाली चहाची टपरी दिसली, तिथे गाडी लावून मी दोन चहा सांगितले. पोरं गाडीतच बसून पेरू संपवत होती.

टपरीवाल्याचा फोन वाजला. मग बाकावरच्या दोघांचे. मग किराणा दुकानातला, शेळ्या घेऊन चाललेल्या म्हाताऱ्याच्या खिशातला. सगळे एकदम! एकानं स्पीकर लावला. "सावधान. पांढरी गाडी, काचेला पडदे. दोन अनोळखी बाया शाळेची दोन पोरं गाडीत घालून टाकीकडं गेल्यात. गाडी अडवा."

माझ्या मनात आधी आलं, अरे देवा, कुणाची पोरं गेली! खरंच सांगते. मग बाकावरचा माणूस आमच्या गाडीकडे बघायला लागला आणि माझी नजर आमच्याच काचेच्या पडद्यांवर गेली.

या भागात बऱ्याच गावांत अशी सोय आहे. चोर, आग, बिबट्या, काही दिसलं की ठरलेल्या नंबरवर बोलायचं. तोच आवाज गावातल्या आणि आजूबाजूच्या गावांतल्या फोनवर वाजतो, उचलला नाही तर पुन्हा वाजतो. सोय चांगलीच आहे. या खेपेला बिबट्या आम्ही होतो, एवढंच.

बघता बघता पन्नास माणसं जमली. कुणीतरी गाडीची किल्ली काढून घेतली. पोरगी भेदरून रडायला लागली आणि तिच्या रडण्यानं आमचा गुन्हाच शाबीत झाला. "अहो, मी शाळेतली बाई आहे," वन्सं सांगत होत्या. ऐकतंय कोण! एक जण त्यांच्या तोंडासमोर मोबाईल धरून शूटिंग करत होता. "टोळीच हाय ही, लाईव्ह टाक!" मागून कुणीतरी ओरडलं. एकानं वन्संचा दंड धरला. मी काही भित्री बाई नाही. पण आज वन्सं मार खाणार, असंच वाटलं.

गर्दीतून एक बाई आत शिरल्या, मातीनं भरलेले हात, कांद्याच्या खुरपणीवरून आलेल्या. गावच्या पोलीस पाटील, मीराबाई.

"दंड सोड तिचा."

सुटला.

"आन तू, मोबाईल खिशात घाल. आदी खात्री, मग शूटिंग." मग खाली बसून त्यांनी पोरीला विचारलं, "कोन हाय गं ह्या?"

"पेरूवाल्या आजी," पोरगी हुंदके देत म्हणाली. "आमीच बसलो. ऊन लई हुतं."

पोरांची आई धावत आली. तिनं दोघांना कवटाळलं आणि मग दोघांना एकेक धपाटा घातला. मी किल्ली मागितली.

"कुटं निगाल्या?" मीराबाई म्हणाल्या. "म्होरच्या चार गावात त्योच निरोप गेलाय. तिथं मी न्हाई."

"मग तुम्ही सांगा ना त्या नंबरवर!"

"ज्याचा आवाज गेला त्यानंच बोलायचं, असा नियम हाय आमचा. दुसऱ्यानं सांगितलं का लोक म्हनत्यात, परकरन दाबलं."

निरोप दिला होता पंक्चरवाल्या रावसाहेबांनी. ते मान खाली घालून आले. "लोक हसत्याल. उद्यापून माजं कोन ऐकन?"

"तू पाह्यलं ते सांगितलं, चांगलं केलं. आता कळलं ते सांग."

ते फोन हातात फिरवत राहिले. मला वाटलं, हा माणूस बोलत नाही. शेवटी त्यांनी फोन लावला, घसा खाकरला. "मी रावसाहेब बोलतोय. मगाचा निरोप मीच दिल्ता. पोरं घरी पोचली. त्या बाया पाव्हन्या हायेत. माजी गफलत झाली. गाडी अडवू नका."

पुन्हा सगळ्यांचे फोन वाजले. मी एकेका तोंडाकडे बघत होते. दंड धरणाऱ्यानंच किल्ली आणून दिली, माझ्याकडे न बघता.

तरी मीराबाई माझ्या शेजारच्या सीटवर येऊन बसल्या, काच खाली करून. दुसरा फोन सगळ्यांनी उचलला असेलच असं नाही, म्हणाल्या. नव्हताच उचलला. गाडी दोनदा अडवली, एका ठिकाणी काठ्या होत्या. "मी हाय रं!" त्या ओरडायच्या आणि वाट मिळायची. मोठ्या रस्त्याला लागल्यावर त्या उतरल्या. मी त्यांचा नंबर घेतला आणि म्हटलं, माझाही घाला तुमच्या गावाच्या यादीत. का म्हटलं, ते मला तेव्हा सांगता आलं नसतं.

पेट्रोल जाऊन-येऊन अडीच हजार. आडरस्त्यानं जाणार असाल तर गावात थांबा, चार माणसांशी बोला, कोण-कुठले सांगा. आणि कितीही ऊन असलं तरी अनोळखी पोरांना गाडीत घेऊ नका. हे लिहिताना लाज वाटते, पण लिहिते.

वन्संच्या दंडावरचा वळ चार दिवसांत गेला. पण परवा शेजारची चिंगी चित्र दाखवायला आली, तर वन्सं हात पदराखाली धरून बसल्या. तिला जवळ घेतलं नाही.

गेल्या मंगळवारी दुपारी आम्ही दोघी मेथी निवडत होतो. फोन वाजला, कुणा पुरुषाचा आवाज. "काळी मोटारसायकल, दोन अनोळखी मानसं वस्तीवर फिरत्यात. अडवा."

"धरा मेल्यांना!" माझ्या तोंडून निघून गेलं.

वन्संनी मान वर करून माझ्याकडे बघितलं. मी मेथी टाकून मीराबाईंना फोन लावला. एंगेज. परत एंगेज. पाचव्यांदा लागला. मी माझं नावही सांगितलं नाही.

"ती माणसं बरी आहेत ना?"

"त्यांच्यापाशीच हुबी हाय," मीराबाई म्हणाल्या आणि फोन ठेवला.