मागे घ्यायला कोणी नाही

लॉकडाउनमध्ये घरापासून पाच किलोमीटरपर्यंतच फिरता यायचं. दिवसभर कॉलवर बोलून डोकं भणभणलं, की मी आयर्लंडमधल्या आमच्या नास गावातल्या एका चिखलाच्या मैदानाला चक्कर मारायचो. तिथं तो एकटाच असायचा. विशीतला, रुंद खांद्यांचा. चेंडू पोटाशी धरून धावायचा, कोणी आडवं केल्यासारखा स्वतःच पडायचा, उठायचा आणि चेंडू पायानं मागे सारायचा. मागे घ्यायला कोणी नसायचं. मग स्वतःच वळून उचलायचा. नुसतं बघूनच मला दमायला व्हायचं.

एकदा तो चेंडू माझ्या बुटाला लागला. सवयीनं मी वाकलो, चेंडूला हात लावला आणि हात छातीशी नेला.

"हे काय?" त्यानं लांबूनच विचारलं.

"ज्यावर पोट भरतं त्याला पाय लागला, तर आम्ही माफी मागतो."

"माझं अजून भरत नाही," तो म्हणाला. "रग्बी लीग खेळतो, त्यात पाडलं की उठून चेंडू असा पायानंच मागच्या गड्याला द्यायचा. इंग्लंडमधल्या एका क्लबनं घेतलं, एक मॅच खेळलो आणि सगळं बंद झालं. बोलावतो म्हणालेत." मग खांदे उडवून म्हणाला, "ग्रँड."

इथे ग्रँड म्हणजे 'ठीक आहे'. त्याच्या तोंडून तसं वाटलं नाही.

तो पुन्हा धावला, पडला, उठला. चेंडू पायानं मागे सारला. उचलताना मात्र थांबला. नमस्कार वगैरे काही केला नाही. बाहीनं त्यावरचा चिखल पुसला, अगदी सगळा.

आणि पुन्हा पडायला धावला.