सोबत: गावाकडचा आवाज

कॅसेट त्यानं माझ्या हातात दिली न्हाई. अंगणातल्या दगडावर ठिवली आन् मागं सरला. मग मी उचलली.

"बघ की, तुझंबी हाय त्यात," म्हणाला.

कव्हरवर उलटी टोपी घातलेला त्याचाच फोटो. खाली त्याचं नाव, आडनावासकट, ठळक. त्याच्या खाली मुंगीएवढ्या अक्षरात: सोबत, गावाकडचा आवाज.

गावाकडचा आवाज म्हंजे मी.

हा गावातल्या बागायतदाराचा पोरगा. पाचगणीत शिकला, तिथं त्याला रॅपचं याड लागलं. हातवारं करत भराभरा बोलायचा, पर चाल काय सुचायची न्हाई. आमच्या विहारात भीमगीतांची गायनपार्टी. बा पेटीवर, गाणारी मी. ह्यानं रस्त्यावर उभं राहून माझं गाणं ऐकलं. विहारात पाय टाकला न्हाई. मग सांगलीच्या स्टुडिओत नेलं, जीपमधी मागं बसवून.

आमच्यात गाणं रचणाऱ्याचं नाव शेवटच्या कडव्यात गुंफत्यात. नाव आल्याबिगर गाणं पुरं झालं असं कुणी मानत न्हाई. गाणं मीच रचलेलं, म्हणून मी नावासकट गायले. वाटलं, हितंबी तसंच असतंय. बावळट व्हते. ह्यानं तेवढंच कडवं कापलं.

गाणं लय गाजलं. साताऱ्यापासनं सांगलीपतोर उसाचा एक ट्रॅक्टर त्याच्याबिगर हालत नव्हता. त्याची बडबड कुणाच्या ध्यानात न्हाई राहिली. लोक माझीच ओळ म्हणायचे.

एका लग्नात वरच्या आळीची पोरं त्या ओळीवर घामाघूम होस्तोवर नाचली. मी आन् आई तिथं मागं खरकट्या पत्रावळी उचलत व्हतो. प्यायला पाणी मागितलं, तर बाईनं तांब्या उंच धरला आन् माझ्या वंजळीत वरनं वतलं. स्पीकरवर मीच गात व्हते. माझं टाळकंच फिरलं. माझा आवाज ह्यांच्या अंगात शिरतोय, त्याचा इटाळ न्हाई. माझ्या हाताचा तेवढा इटाळ.

दुसऱ्या कॅसेटच्या वक्ताला तो परत आला. बा म्हणाला, "मालक, पोरीचं नाव तेवढं घाला."

"घालतो की रं. पर नुसतं पयलं नाव. आडनाव घातलं की लोक वळखत्यात. मग ट्रॅक्टरवर कोण लावंल?"

माझ्या बाला 'रं'. ह्याच्या बापापेक्षा मोठा माझा बा. आन् बा मान खाली घालून बसला. ती मान बघून मला त्या पोरापेक्षा बाचाच राग आला, आन् मग सोताचा.

मी उठले. "आडनाव नको तर आवाजबी नको. जावा."

"माझ्याबिगर तुला कोण इचारतंय गं?"

"मग म्हणा की माझी ओळ. सोताच्या तोंडानं."

गेला. पर गप बसला न्हाई. आता त्यानं औंधाकडची एक पोरगी गाठलीया, आमच्यातलीच. तिला सांगितलंय, नावाचं काय घिऊन बसलीस, आवाज चालला की झालं. मी एस्टीनं तिच्या घरी गेले, सगळं सांगितलं. ती भ्याली. तिच्या आईनं मला हाकललं.

मी परत जाणार हाय. दार लावलं तर दारात बसणार. तिथनं तो तिसरी पोरगी गाठंल, तर तिच्याबी दारात. कव्हरवर आडनाव येत न्हाई तवर ह्याला आमच्यातला एकबी गळा मिळू द्यायचा न्हाई.