सरूची मिश्री

न्हाई गं बायांनो, सरू आपल्या ग्रुपमधून का गेली ते तिला नका इचारू, मीच सांगते.

तंबाकूची मिश्री सोडायची म्हणून आपण समद्यांनी शपथ घेतलीय ना. आज सकाळी नळावर सरूचे दात काळे दिसले. माजं तोंड कुठं गप बसतंय. म्हणलं, "काय गं सरे, तव्याचा मुका घेतला का काय?" समद्या हसल्या, तिची सून बी हसली.

सरू म्हणली, "आक्का, तुमी तरी बोलायचं न्हवतं." अन् अर्धीच घागर उचलून गेली.

आता तिला परत कसं आणावं, सांगा.

पहाटं मिश्री मीच भाजली व्हती. एकटीला लावायची लाज वाटली, म्हणून तिच्या हातावर बी मीच ठेवली.